कच्च्या टाक्यांचा रविवार

गल्लीत तिला सगळे कात्री म्हणायचे. तोंडावर नाही, अर्थात. तेवढी हिंमत कुणाच्यात नव्हती. तोंडावर 'बाई', आणि दुकानापासून चार पावलं लांब गेलं की 'कात्रीने आज परत हाकललं बघ'. तिला हे नाव माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर ते तिला आवडायचं. कात्रीचं काम कसं, एक घाव दोन तुकडे. कुणी सुई म्हटलं असतं तर मात्र तिने त्याची पँट महिनाभर तशीच लोंबत ठेवली असती.

दुकान जिन्याखालचं. एका बाजूला चष्मेवाला, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सवाला, मध्ये हिचं शिलाई मशीन, इस्त्रीचं टेबल, खिळ्यांना टांगलेले लोकांचे कोट आणि पडदा लावलेली ट्रायलची खोली. खोली कसली, उभं कपाटच ते. जाड माणूस आत गेला की पडद्याला पोट यायचं. नवीन कपडे ती शिवत नसे. ती दुरुस्तीची बाई. लांब ते आखूड करायचं, घट्ट ते उसवून सैल करायचं, चेन बदलायची, फाटलेलं अस्तर काढून नवं लावायचं. वडिलांचं हेच काम होतं. त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा ती मशीनवर बसली, आणि बसली ती बसलीच.

आणि तिची एक पद्धत होती. पक्की शिलाई घालायच्या आधी ती कच्चे टाके घालून कपडा गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवायची, आणि मग त्याला स्टुलावर बसायला लावायची, वाकायला लावायची, हात वर करायला लावायची, आणि वर समोरचा जिना चढून उतरून यायला सांगायची. वकील असो, प्राध्यापक असो, कुणाची सुटका नाही. लोक लाजायचे, म्हणायचे, बाई, बरोबर बसलाय की, कशाला उगाच. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं असायचं. 'उभ्या माणसाला सगळंच बरोबर बसतं.'

लग्न तिने केलं नव्हतं. आता लगेच हळहळायला लागू नका. तिला स्वतःला त्याची हळहळ कधी वाटली नाही. तरुणपणी स्थळं आली होती. एका स्थळाने सांगितलं, मशीन घरी आणायचं नाही. तिने चहाचे कप उचलले आणि दार उघडून धरलं. पुढे वडील गेले, भावाचं लग्न झालं, भाची झाली, आणि घरात ती कधी पाहुणी झाली नाही की मोलकरीण झाली नाही. भावजय गुणाची होती. दोघी भांडायच्या, पण उघड भांडायच्या, त्यामुळे काही साचून राहिलं नाही. पन्नाशी उलटली तेव्हा तिच्याकडे स्वतःचं दुकान होतं, स्वतःची किल्ली होती, आणि रविवारी दुपारी आडवं पडून पुस्तक वाचायला स्वतःची खिडकीही होती.

अशात हा बस ड्रायव्हर आला.

त्याच्या बसचा थांबा तिच्या दुकानासमोरच. ड्युटीचा कोट घेऊन आला. उजव्या बगलेत उसवला होता. तिने कच्चे टाके घातले, कोट त्याला चढवला, स्टुलावर बसवलं आणि म्हणाली, आता स्टिअरिंग फिरवा. माणूस लाजला नाही, हसला नाही. हवेतल्या हवेत त्याने असं मोठं स्टिअरिंग धरलं आणि नाक्यावरचं वळण घेऊन दाखवलं. गिअरसुद्धा बदलला. पहिल्या फटक्यात शहाण्यासारखं सांगितलेलं ऐकणारं गिऱ्हाईक तिने त्या वर्षात दुसरं पाहिलं नव्हतं. मग तो येतच राहिला. पिशवीची चेन, घरचे पडदे, मफलर. शेवटी एक अशी पँट घेऊन आला की जिला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि त्याच्यापुढे टाकली.

'हिला काय झालंय?'

'हिला काही नाही,' तो म्हणाला. 'मलाच विचारायचं होतं. लग्न कराल का माझ्याशी?'

पडद्याआड एक गिऱ्हाईक अर्ध्या पँटीत उभं होतं, ते खोकलं. कात्रीच्या हातातला खडू मोडला. तो शांतपणे सांगत राहिला की बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लांब तिच्या घरी सुखी आहे, स्वयंपाक त्याला येतो, आणि दुकान सोडायचा प्रश्नच नाही, कारण त्याच्या घरासमोरून हीच बस येते. म्हणजे ज्या ज्या मुद्द्यावर तिचं घोडं अडायचं ते सगळे त्याने स्वतःच आधी निकालात काढले होते. अशा माणसाचं करायचं तरी काय?

तिने विचार केला, घरी आल्यावर भावजयीला सांगितलं, भावजयीने टाळी वाजवली, आणि हिची झोप उडाली. भीती नव्हती हो. ती तसली बाई नव्हे. पेच वेगळाच होता. नाही म्हणायला कारण सापडेना, आणि हो म्हणायला गरज सापडेना. सगळं होतं तिच्याकडे. मग या वयात उगाच मांडामांड कशासाठी?

तेव्हा तिने तिच्या पद्धतीने ठरवलं. कच्चे टाके. दुसऱ्या दिवशी बस थांब्यावर लागली तशी ती ड्रायव्हरच्या खिडकीखाली जाऊन उभी राहिली आणि सांगितलं की रविवारी आपण दोघं बोटीने नदीवर जाऊ. बस, मग रेल्वे, मग बोट. गाडी भाड्याने करायची नाही. माणूस घाम गाळताना, भूक लागल्यावर, जागा मिळाली नाही की कसा वागतो ते मला बघायचंय, आणि संध्याकाळी परत थांब्यावर उतरायच्या आत मी उत्तर देईन. मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. तो म्हणाला, ठीक आहे, सुट्टी बदलून घेतो. भाची म्हणाली, 'आत्या, माणूस आहे तो, कोट नाही.' पण भाचीचं ऐकेल तर ती कात्री कसली.

रविवारी तो वेळेवर आला. इस्त्रीचा शर्ट, साधी चप्पल, हातात पाण्याची बाटली. पहिला दोष तिला बसमध्येच मिळाला. बस चालवणारा त्याच्याच डेपोतला, नवीन भरती झालेला. हा तिच्या शेजारी बसला खरा, पण त्याचा उजवा पाय काही बसेना. पुढे सिग्नल दिसला की पाय जमिनीत दाबायचा. रिक्षा आडवी आली, पाय दाबला. चढ लागला तसा तोंडातल्या तोंडात, 'दुसरा टाक, दुसरा टाक.' सगळा रस्ता असा चालला होता. तिने शेवटी विचारलं की ही बस तुम्ही चालवताय का. तो ओशाळला. म्हणाला, इतक्या वर्षांत मी मागे कधी बसलेलोच नाही हो. तिने मनात नोंद करून ठेवली: दुसऱ्याच्या हातात लगाम बघवत नाही. आणि लगेच दुसरं मन म्हणालं, तुला तरी कुठे बघवतो? त्या दुसऱ्या मनाला तिने गप्प बसवलं.

स्टेशनवर तिने मुद्दाम खोडी काढली. गाडी पलीकडच्या फलाटावर लागते हे पक्कं माहीत असून ती ऐटीत अलीकडच्या फलाटावर जाऊन उभी राहिली. बघू या, हा पुरुषासारखा पुरुष आता बायकांना दिशा कळत नाहीत म्हणून व्याख्यान देतो का. तो तिच्या मागोमाग आला आणि शेजारी गुपचूप उभा राहिला. पलीकडे गाडी आली. तो काही बोलेना. गाडीची शिट्टी झाली. शेवटी हीच घाबरली आणि दोघं पूल चढून उतरून असे पळाले की डब्यात चढल्यावर बराच वेळ बोलायला श्वास नव्हता. श्वास आल्यावर तिने विचारलं, तुम्हाला माहीत नव्हतं?

'माहीत होतं,' तो म्हणाला. 'पण आज गाडी तुमच्या हातात आहे. मागून ब्रेक दाबायची खोड मोडायची म्हणून गप्प राहिलो.'

आता याला काय म्हणायचं? तिला हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला. परीक्षा घ्यायला निघालेल्या मास्तरांना विद्यार्थी आवडून चालत नाही.

नदीचा धक्का स्टेशनपासून चालत जाण्याइतका. बोट म्हणजे पत्र्याचं छप्पर, लाकडी बाकं, छताला बांधलेली नारिंगी रबरी चाकं, मागे डिझेलचं इंजिन आणि सुकाणूपाशी तोंडात काडी धरलेला नावाडी. नावाडी काटेकोर होता. दर धक्क्यावर घड्याळ बघून भोंगा द्यायचा. बोट वर जायची ती शेवटच्या धक्क्यापर्यंत, तिथे दुपारभर थांबायची, मग परत. पाणी रुंद आणि मातकट हिरवं होतं. मधल्या खुंटांवर पाणकावळे पंख पसरून वाळत बसले होते. काठाकाठाने एकच अरुंद रस्ता जात होता, त्यावरून अधूनमधून एखादी बस दिसायची आणि झाडांत गडप व्हायची. समोरच्या बाकावर निळ्या टोपीतले एक आजोबा बसले होते. बोटीच्या थरथरीने त्यांची कवळी तोंडात खडखडायला लागली, तशी त्यांनी ती काढून रुमालात गुंडाळली आणि निवांत डुलकी काढली. ड्रायव्हर इंजिनाचा आवाज ऐकत होता. त्याचा पाय शांत होता. बोटीला ब्रेकच नसतो, तो म्हणाला, मग दाबायचं काय.

त्याच्या शर्टाच्या खिशाला भोक आहे हे एव्हाना तिच्या डोळ्यांनी टिपलंच होतं. मोबाइल त्यातून कधीही पाण्यात पडेल म्हणून तिने तो मागून घेतला आणि आपल्या पिशवीत टाकला, आणि वर खिशाबद्दल चार शब्द सुनावले. त्याने ऐकून घेतले.

शेवटच्या धक्क्यावर उतरायला तिनेच घाई केली, कारण पोटात कावळे ओरडत होते. झाडाखाली बसून त्यांनी पाव, उकडलेली अंडी आणि काकड्या खाल्ल्या. त्याने टरफलं एका कागदात गोळा केली, न सांगता. तिने मग आडपडदा न ठेवता विचारून टाकलं. स्वयंपाक येतो म्हणता, कपडे धुता, घर टापटीप ठेवता. मग बायको कशाला हवीय?

त्याने काकडीचं देठ टरफलांच्या कागदात टाकलं.

'दिवसभर बसमध्ये कायकाय घडतं,' तो म्हणाला. 'कोण कुणाशी भांडलं, कोण रडत बसलं होतं, एखादं पोर कसं बोललं. चालवताना मी ते सगळं लक्षात ठेवतो. घरी जाऊन कुलूप उघडतो, आणि मग ते सांगायला कुणी नसतं. दुसऱ्या दिवशी विसरून जातो. एवढंच.'

तिला घरी भावजय होती, भाची होती, ऐकायला माणसं होती. तिने स्वतःला तसं बजावलंसुद्धा. मग तिच्या लक्षात आलं की दुकानातल्या गोष्टी ती घरी सांगतच नाही. संध्याकाळी शटर ओढताना मशीनला सांगते, आणि तेही मोठ्याने. हे काही तिने त्याला सांगितलं नाही. एवढ्यात भोंगा झाला.

बोटीत येऊन ती जागेवर बसली. तो बसेना. वाकून एकेक बाकाखाली बघत फिरायला लागला. डेपोतून गाडी काढायच्या आधी सगळी बाकं तपासायची, ही त्याची सवय. राहिलेल्या छत्र्या, डबे, एकदा तर झोपलेला माणूसही सापडला होता म्हणे. आणि समोरच्या बाकाच्या फटीत त्याला रुमाल मिळाला. रुमालात आजोबांची कवळी.

'अरेरे, आजोबा जेवणार कसे?' तो म्हणाला. 'मी बघितलंय ते कुठल्या बोळात गेले ते. आलोच.'

आणि उडी मारून गेलासुद्धा. ती म्हणत होती की अहो, नावाड्याकडे द्या, तो पोचवील. पण ऐकायला तो होता कुठे? तो रमतगमत जात नव्हता, पळतच होता, पण एकदासुद्धा मागे वळून बघत नव्हता. आणि का बघेल? पस्तीस वर्षं ज्या गाडीतून तो उतरला ती गाडी तो परत येईपर्यंत जागची हलली नव्हती. ड्रायव्हरला सोडून गाडी सुटते, हे त्या माणसाला ठाऊकच नव्हतं.

नावाड्याने घड्याळ बघितलं. तिने थांबायला सांगितलं. तो थोडा थांबला, हे कबूल केलं पाहिजे. मग म्हणाला, पुढच्या धक्क्यांवर लोक उन्हात उभे आहेत, तुम्ही उतरता का, की मी सोडू? उतरायला तिला वेळ होता. पिशवी घेऊन सरळ उतरता आलं असतं. पण ती कात्री. कुणाच्या मागे धावणं तिच्या स्वभावात नव्हतं, आणि येईलच की आता, कुठे जातोय, अशी तिची खात्री होती. ती बसून राहिली. नावाड्याने भोंगा दिला, दोर सोडला, आणि धक्का मागे जायला लागला.

पहिल्यांदा आला तो संताप. काय ही नसती उठाठेव. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची एवढी हौस, आणि बरोबर आणलेलं माणूस बोटीत बसलंय त्याचं काय? फोन करावा तर त्याचा फोन हिच्या पिशवीत, आणि नदीत रेंजही नव्हती. बरं झालं, ती मनाशी म्हणाली. नाही म्हणायला कारण मिळत नव्हतं ना, आता चांगलं सज्जड मिळालं. सुटला प्रश्न. ती चांगली ताठ बसली, पिशवी मांडीवर घेतली, आणि नदी बघायला लागली.

पाणकावळे होते तिथेच होते. एक जण खुंटावर जागेसाठी दुसऱ्याला ढकलत होता, आणि दुसरा पाण्यात पडता पडता राहिला. तिला हसू आलं. ती हसत शेजारी वळली, 'अहो, बघा' म्हणायला, आणि शेजारी बाक होतं.

सबंध आयुष्यात ती एकटी फिरली होती. बाजार, बँक, दवाखाना, लग्नकार्यं, सगळीकडे एकटी आणि तोऱ्यात. शेजारची जागा रिकामी आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं, कारण ती जागा कुणाची नव्हतीच. आज ती त्याची होती. सकाळपासून इतक्या थोड्या वेळात ती त्याची होऊन बसली होती, आणि हिला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. तिला वाईट वाटलं. साधं, सरळ वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं लपवण्यासारखं आहे असंही तिला वाटेना. गरज नाही, गरज नाही म्हणून ती इतके दिवस डोकं पिकवत होती. गरज कुणी विचारली होती? तो हवा होता, एवढंच.

ती उठून नावाड्याकडे गेली आणि म्हणाली, पुढच्या धक्क्याला मला उतरवा. नावाडी म्हणाला, बाई, ही आजची शेवटची बोट. ती म्हणाली, मग बसने जाईन. तुम्ही घड्याळ बघा तुमचं.

धक्क्यावरून चढून ती काठच्या रस्त्याला लागली. नशिबाने वरच्या बाजूला जाणारी बस थोड्याच वेळात आली. खिडकीशी जागा मिळाली. शेजारी एक आजीबाई होत्या, मांडीवर मोठं बोचकं. कुठे निघालात, त्यांनी विचारलं. तिने एरवी कुणाला ताकास तूर लागू दिली नसती, पण आज सगळं सांगून टाकलं, कवळीसकट. आजीबाई म्हणाल्या, चुकामूक झाली तर एकाने जागेवर बसून राहावं, मग दुसऱ्याने शोधावं, हा नियम आहे. कात्री म्हणाली, बसला असेल तो धक्क्यावर. म्हणाली खरी, आणि म्हणता म्हणताच ती बाकावरून अर्धी उठली. तो? तो बसून राहील? ज्याचा पाय मागच्या बाकावरसुद्धा स्वस्थ बसत नाही तो?

रस्ता एका ओढ्यावरच्या पुलापाशी आला. पूल अरुंद, एका वेळी एकच गाडी. पलीकडून खाली येणारी बस आधी पुलावर चढली होती, म्हणून हिची बस बाजूला थांबली. ती बस पूल ओलांडून आली आणि हिच्या बसला लागून उभी राहिली, खिडकीला खिडकी. दोन्ही ड्रायव्हर ओळखीचे. पुढे कुठे रस्ता खोदलाय ते एकमेकांना सांगायला लागले. कात्रीने सहज समोरच्या खिडकीत बघितलं. तिथे तो बसला होता. घामाघूम, पुढच्या बाकाची दांडी दोन्ही हातांनी धरून, डोळे नदीकडे. बोटीच्या आधी पुढच्या धक्क्यावर पोचायचा त्याचा बेत होता.

तिने खिडकीतून हात बाहेर काढून त्याच्या खिडकीची काच वाजवली. तो वळला. दोघांची तोंडं एकमेकांपासून हातभर अंतरावर.

'तुम्ही इकडे कुठे?' तो म्हणाला.

'तुम्हाला आणायला. कवळी पोचली का?'

'पोचली. लगेच घातली आजोबांनी.' मग तो खाली बघायला लागला. 'बाई, मला वाटलं बोट थांबेल.'

'का थांबेल? तुम्ही चालवत होता का?'

त्याचा चेहरा इतका पडला की तिचा उरलासुरला राग विरघळला. ती म्हणाली की ते राहू द्या, मला तुमच्याशी बोलायचंय. दोन्ही इंजिनं धडधडत होती. तो म्हणाला, ऐकू येत नाही. ती म्हणाली, मी कुणासाठी मागे फिरत नसते, आणि आज फिरलेय, त्यावरून काय ते समजा. तो काचेला कान लावून म्हणाला, काय समजू? पुढच्या बाकावरचे लोक वळून बघायला लागले. आजीबाईंनी बोचकं खाली ठेवलं, नीट ऐकू यावं म्हणून.

'हो म्हणतेय मी,' कात्री ओरडली. 'लग्नाला. हो.'

दोन्ही बसेस चिडीचूप झाल्या. दोन्ही ड्रायव्हरांनी रस्त्याचं बोलणं थांबवलं. मग हिच्या ड्रायव्हरने मान वळवून विचारलं, बाई, आता बसताय की उतरताय? आजीबाईंनी गुडघे बाजूला करून तिला वाट दिली. ती उतरली. आणि पलीकडच्या दारातून तोही उतरला, तिला त्याच्या बसमध्ये घ्यायला. नावाड्यासारखे ड्रायव्हरही वेळेचे पक्के. पुढे दोघांचेही प्रवासी ताटकळत होते. एक बस वर गेली, एक खाली गेली, आणि रस्त्यात ही दोघंच उरली.

धूळ खाली बसली. ओढ्याचं पाणी पुलाखालून वाहत होतं, तेवढाच काय तो आवाज. दोघंही काही वेळ गेलेल्या बसेसकडे बघत राहिली, एक इकडे, एक तिकडे. मग तो जवळ आला.

'तुम्ही जे बोललात,' तो म्हणाला, 'ते इंजिनाच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही. सगळे एकदम गप्प झाले म्हणून अंदाज केला. पुन्हा एकदा म्हणाल का?'

तिने त्याच्याकडे बघितलं. दोन बसेसच्या देखत ओरडायला तिला काडीचाही संकोच वाटला नव्हता. सगळं आयुष्य ती दहा जणांच्या देखत बोलत आली होती. आता ऐकायला एकच माणूस होता, आणि तो हातभर अंतरावर, तिच्या तोंडाकडे बघत उभा होता. शब्द तोच. पण आता तो सुटेना. पिशवीचा बंद तिने उगाचच एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला. त्याने घाई केली नाही.

'हो,' ती म्हणाली, इतक्या हळू की तिचं तिलाही जेमतेम ऐकू आलं.

त्याला आलं.